शेकायच्या पिशव्या घरी शिवताना : तांदूळ, जवस, मीठ, बर्फ. तुमचे अनुभव सांगा

सुईदोरा | ७ डिसेंबर, रात्री ९.४०

निफाडला थंडी पडली की आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपल्यावर शेकणं सुरू होतं. आईची मान आणि गुडघे, माझी कंबर. गेल्या वर्षी मी तांदळाची पहिली पिशवी शिवली, आता सात झाल्यात. बहिणीला, जावेला, शेजारच्या काकूंना दिल्या. कृती लिहितेच, पण त्याआधी एक गोष्ट सांगते. ती न सांगता कृती द्यायला मन धजत नाही.

बाबांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या डिसेंबरात त्यांचे पाय गार पडले म्हणून मी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळली आणि पायाशी ठेवली. माझ्या हाताला ती बरी लागत होती. रात्रीतून टॉवेल सरकला. सकाळी त्यांच्या पायात चप्पल सरकवताना मला डाव्या टाचेच्या कडेला फोड दिसला. रुपयाएवढा, पाण्याने टम्म भरलेला. मी ओरडलेच. ते म्हणाले, "अगं, मला तर काही होत नाहीये." त्यांना खरंच काही होत नव्हतं. ती जखम भरायला अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत मी किती रात्री नीट झोपले ते माझं मला माहीत.

म्हणून, मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची जाणीव कमी झाली आहे त्यांच्या पायाला गरम नाही आणि बर्फही नाही. बाबांना आता लोकरीचे मोजे आणि दुहेरी चादर.

आता पिशवी. मांजरपाट किंवा जुन्या सुती धोतराचं कापड घ्यायचं. पॉलिस्टर मिसळलेलं नको, ते वितळतं. दोरासुद्धा सुतीच. १९ इंच लांब आणि १३ इंच रुंद तुकडा लांबीत दुमडून दोन बाजू शिवायच्या, म्हणजे साधारण १८ बाय ६ ची नळी होते. तिच्यात एका वेळी वाटीभर तांदूळ घालायचे, आडवी टीप मारायची, पुन्हा वाटीभर. असे चार कप्पे. सगळे मिळून पाऊण किलो तांदूळ बसतो. कप्पे पाडले नाहीत तर पिशवी मानेवर ठेवल्याबरोबर तांदूळ दोन टोकांना पळतात आणि जिथे दुखतंय तिथे नुसतं कापड उरतं. कप्पा गच्च भरायचा नाही, एक तृतीयांश रिकामा ठेवायचा, तरच पिशवी अंगाच्या वळणाला बसते. वरून वेगळी खोळ. धुवायची ती खोळ, आतली पिशवी कधीच नाही.

मायक्रोवेव्हमध्ये आधी एकच मिनिट. मग काढून हलवायची, लागलं तर आणखी अर्धं मिनिट. शेजारी कपभर पाणी ठेवते. तुम्ही काय वापरता ते लिहा.

जवसचटणी | ७ डिसेंबर, रात्री १०.१५

बाबांचं वाचून वाईट वाटलं. आता कशी आहे टाच?

आमच्या यवतमाळकडे जवस घरातच असतो, मी त्याचीच पिशवी करते. जवस गुळगुळीत आणि बारीक असतो, त्यामुळे पिशवी पाण्यासारखी अंगावर पसरते. खांद्याच्या खड्ड्यात तांदूळ जात नाही तिथेही जवस जातो. माझ्याकडे तांदळाच्या पिशवीपेक्षा तिची ऊब जास्त वेळ टिकते. दोष एकच. जवसात तेल असतं, त्यामुळे सात-आठ महिन्यांत खवट वास यायला लागतो. तो आला की जवस बदलायचा.

ज्वारी मात्र वापरू नका. मी एकदा केली होती. दुसऱ्याच मिनिटाला आत तडतड सुरू झाली, उघडून बघते तर लाह्या.

माळावरचा | ८ डिसेंबर, सकाळी ६.३०

आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही. आई लोखंडी कढईत खडेमीठ तापवते. मध्यम आच, लाकडी उलथन्याने सारखं हलवायचं, चार-पाच मिनिटं. सुरुवातीला खडे फुटून उडतात, तेव्हा तोंड लांब ठेवायचं. मग दुहेरी सुती फडक्यात ओतून पुरचुंडी बांधायची. मीठ भलतं तापतं. पहिली दोन मिनिटं पुरचुंडी नुसती टेकवून उचलायची, टेकवून उचलायची, निवली की मग ठेवायची. तेच मीठ पुन्हा पुन्हा चालतं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं म्हणून बरणीत झाकून ठेवावं लागतं.

आता गारची गोष्ट. शेतात पाय मुरगळला तर बर्फ कुठून आणणार? ठिबकमधून सोडायला युरिया पाण्यात कालवला की बादली गार पडते, तिला बाहेरून घाम फुटतो. हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. मागच्या खरिपात बांधावरून घसरून माझा घोटा मुरगळला, तेव्हा भावाने जाड प्लास्टिकच्या पिशवीत दोन ओंजळी युरिया आणि तांब्याभर पाणी घातलं, गाठ मारली, ती दुसऱ्या पिशवीत घातली आणि टॉवेल गुंडाळून घोट्यावर ठेवली. घरी येईपर्यंत सूज आटोक्यात राहिली.

फिजिओताई | ८ डिसेंबर, दुपारी १.२०

माळावरचा दादा, तुमच्या भावाने केलं ते अगदी बरोबर आहे. खेळाच्या मैदानावर दाबल्याबरोबर गार होणारी पिशवी मिळते, तिच्यातही हाच प्रकार असतो. आत अमोनियम नायट्रेट किंवा युरिया आणि पाण्याची वेगळी पुडी. पुडी फुटली की तो पदार्थ विरघळतो आणि विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. फक्त कातडी फुटलेली असेल तिथे ती पिशवी नको. आणि नंतर ते पाणी कुठे ओतता तेही बघा.

सुईदोरा ताई, तुम्ही सुरुवातीलाच बाबांची गोष्ट सांगितलीत, फार चांगलं केलंत. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि माणसाला ते कळत नाही. डॉक्टर एक नायलॉनचा जाड धागा तळपायाला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात आणि पेशंटला डोळे मिटायला लावून "आता लागलं का?" असं विचारतात. पाच मिनिटांची तपासणी आहे. घरात जुना मधुमेह असेल तर वर्षातून एकदा करून घ्याच.

गरम की गार, हे सगळेच विचारतात म्हणून लिहिते. ताजी दुखापत म्हणजे मुरगळणं, मुका मार, सूज चढतेय, हात लावला तर तो भाग गरम लागतोय, तर पहिले दोन दिवस गार. जुनं, आखडलेलं दुखणं म्हणजे अवघडलेली मान, सकाळी उठल्यावर धरलेली कंबर, थंडीत कुरकुरणारे गुडघे, पाळीतली ओटीपोटाची कळ, तिथे गरम. दोन्हीला वेळ जास्तीत जास्त १५ ते २० मिनिटं. जास्त वेळ ठेवल्याने जास्त गुण येत नाही.

बर्फाविषयी थोडं जास्त लिहिते, कारण चुका तिथेच होतात. डीप फ्रीझरमधली जेलची पिशवी उणे १८ अंशांच्या आसपास असते. ती उघड्या कातडीवर ठेवली तर थंडीनेही भाजतं, चट्टा उठतो, फोडही येतो. त्यापेक्षा साध्या पिशवीत बर्फाचे खडे आणि अर्धी वाटी पाणी घाला, हवा काढून गाठ मारा. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत तापमान शून्याच्या आसपासच राहतं, खाली जात नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता खातो, म्हणून ही पिशवी नुसत्या गार पाण्यापेक्षा कितीतरी वेळ काम देते. मधे ओलं पातळ फडकं हवंच. आधी गार लागेल, मग जळजळेल, मग ठणकल्यासारखं होईल, मग बधिर. बधिर झालं की उचलायचं, मग घड्याळात १० च मिनिटं झालेली असली तरी.

आजोळ | ८ डिसेंबर, दुपारी ३.०५

पण ताई, आमची आजी पाय मुरगळला की लगेच आंबेहळदीचा गरम लेप लावायची आणि वरून विटेचा शेक द्यायची. आम्ही सगळे त्यानेच बरे झालो. हल्ली तर बर्फाने जखम उशिरा भरते असंही वाचनात येतं. मग ऐकायचं कुणाचं?

फिजिओताई | ८ डिसेंबर, रात्री ८.५०

आजोळ, प्रश्न रास्त आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे चौघांचं सूत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या पुस्तकात मांडलं आणि जगभर ते पाठ झालं. पुढे २०१४ च्या सुमारास त्यांनी स्वतःच लिहिलं की सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे आणि बर्फाने ती दुरुस्ती लांबू शकते. आपलंच मत असं उघडपणे बदलणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो.

म्हणून वर दोन दिवस गार लिहिलं असलं तरी मी आता पेशंटना सांगते, बर्फ कळ कमी करण्यापुरता. पहिल्या काही तासांत १०-१० मिनिटं, दिवसभर नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाय हळूहळू हलवायला लागा. पण ताज्या सुजेवर विटेचा शेक मी देणार नाही. गरमने तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि घोटा आणखी फुगतो. लेप कोमट असेल, चटका देणारा नसेल, तर आजीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आजीचा हात सारखा त्या पायावर असायचा. किती गरम आहे, पाय कसा आहे, ते तिला बघायला लागायचं नाही.

आजोळ | ८ डिसेंबर, रात्री ९.१०

हे पटलं. खरंच, ती हात काढायचीच नाही.

नेकारकाठी | ९ डिसेंबर, पहाटे २.१५

मी श्टुटगार्टला राहते. इथे घरोघरी किर्शकेर्नकिसन असते, म्हणजे चेरीच्या बियांची उशी. चेरी खाऊन झाल्या की बिया उकळून, घासून, खडखडीत वाळवतात आणि सुती पिशवीत भरतात. ओव्हनमध्ये गरम करतात, उन्हाळ्यात हीच पिशवी फ्रीझरमध्ये टाकून गारही वापरतात. लेकीच्या वेळी मला सुईणबाईंनी दिली होती. "बाळाच्या पोटावर ठेवण्याआधी स्वतःच्या गालाला लावून बघ, आणि बाळाच्या पाळण्यात कधीही ठेवू नकोस," एवढं तिने दोनदा बजावलं होतं.

धान्यापेक्षा यात मला एक सोय वाटते. बियांना कीड लागत नाही आणि पिशवी धुता येते, फक्त नंतर पुरती वाळवावी लागते.

कोकणवारा | ९ डिसेंबर, सकाळी ७.४०

नेकारकाठी, तुमचं वाचून सकाळीच आईला फोन केला. चेरी कुठून आणणार, पण चिंचोके? आमच्याकडे चिंच फोडायच्या दिवसांत पोतंभर निघतात. आईने आज पाव किलो धुऊन उन्हात घातलेत. करून बघते आणि कळवते.

बाकी आमच्याकडे निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधतात, एरंडाच्या पानाला तेल लावून ते शेकून गुडघ्यावर ठेवतात. पाल्याचा शेक ओलसर असतो, तो आत मुरतो असं आई म्हणते. मला स्वतःला पाठीला कोरड्या शेकापेक्षा ओला जास्त मानवतो.

रातपाळी | ९ डिसेंबर, सकाळी ८.३०

मी नर्स आहे, रात्रीची ड्युटी करून आत्ता घरी आले. भाजलेल्यांच्या विभागात तीन वर्षं काढली आहेत म्हणून कळकळीने लिहिते.

लोकांना वाटतं भाजतं ते उकळत्या पाण्याने. ६० अंशांना पाच-सहा सेकंदांत भाजतं हे खरं. पण ४४ अंश, म्हणजे अंघोळीच्या कडक पाण्याएवढं, तेही सहा तास एकाच जागी टेकून राहिलं तरी कातडी भाजते. म्हणून पिशवी घेऊन झोपायचं नाही. सुईदोरा ताई, तुमच्या बाबांचं हेच झालं. तुमच्या हाताला ती बरी लागली ते खोटं नव्हतं. तुमचा हात तिथे एक मिनिट होता, त्यांची टाच रात्रभर. स्वतःला दोष देऊ नका.

दुसरं, बाम चोळून त्यावर शेक घेऊ नका. बामातल्या मेन्थॉलने गार वाटत राहतं, चटका कळत नाही, आणि गरमने बाम आत जास्त शोषला जातो. चौकोनी पिशवीच्या आकाराचा लालबुंद ठसा उमटलेली पाठ मी पाहिली आहे.

तिसरं, कारण न कळलेल्या पोटदुखीवर शेक नको, विशेषतः उजवीकडे खाली दुखत असेल, उलटी होत असेल तर. अपेंडिक्स असू शकतं. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, दुखतेय, तर शेक नाही, चोळणं तर अजिबात नाही. थेट डॉक्टर. शिरेत गुठळी असू शकते.

रोज एकाच जागी शेकून कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडत असतील तर तिथे शेकणं थांबवा. काश्मिरात कांगडी पोटाशी धरून बसणाऱ्यांना असे डाग पडतात, आणि वर्षानुवर्षांच्या अशा शेकाने तिथे कर्करोग झाल्याचीही नोंद आहे.

हॉस्टेलखोली१२ | ९ डिसेंबर, दुपारी ४.००

आमच्या हॉस्टेलला मायक्रोवेव्ह नाही, शेगडीला परवानगी नाही. पाळीत फार कळा येतात. मी विजेवर चार्ज होणारी जेलची पिशवी घेतली होती, दुसऱ्याच महिन्यात चार्ज होतानाच शिवणीतून फुटली आणि गरम पाणी गादीवर सांडलं. नशीब मी बाथरूममध्ये होते. तेव्हापासून भीती बसली आहे. काय करू?

रातपाळी | ९ डिसेंबर, सायंकाळी ६.२०

बाळा, ती पिशवी पुन्हा घेऊ नकोस. एकपदरी स्टीलची बाटली असते ना, थर्मास नव्हे, साधी. मेसमधून गरम पाणी घे, उकळतं नको. झाकण घट्ट लाव, बाटली उलटी करून दोन मिनिटं बघ, थेंबही गळता कामा नये. मग जाड मोज्यात घाल आणि पोटावर धर. वीस मिनिटं, उठून बसून. पाळीच्या कळेवर ऊब चांगली लागू पडते. २००१ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात पोटावर बांधलेली हलकी ऊब आयबुप्रोफेनच्या गोळीइतकीच उपयोगी ठरली होती. पण दर महिन्याला कॉलेज बुडावं इतकं दुखत असेल तर सोसत बसू नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. एवढं दुखणं "असतंच" म्हणून सोडायचं नसतं.

हॉस्टेलखोली१२ | ९ डिसेंबर, सायंकाळी ६.४५

थँक यू ताई. घरी आईला सांगते आज.

माळावरचा | ९ डिसेंबर, रात्री ८.००

फिजिओताईंनी पाण्याचं विचारलं त्यावरून महत्त्वाचं सांगायचं राहिलं. युरियाचं पाणी गुरांच्या तोंडाला लागू देऊ नका. बादलीतलं युरियाचं पाणी पिऊन आमच्या वस्तीवरची एक गाय गेली आहे. काम झालं की थेट झाडाच्या आळ्यात ओता, पिशवी धुवा. पोरांच्या हातातही देऊ नका.

जवसचटणी | ९ डिसेंबर, रात्री ९.३०

एक विचारायचं होतं. माझ्या नणंदेच्या पिशवीला मधोमध तपकिरी डाग पडलाय, करपल्यासारखा वास येतो. तांदूळ बदलला तर चालेल का?

सुईदोरा | ९ डिसेंबर, रात्री १०.१०

अख्खी पिशवीच टाकून द्या, कापडासकट. दर वेळी तापवताना धान्यातला ओलावा उडतो, खूप कोरडं झालं की मधोमध करपतं. बाहेरून कळत नाही आणि आत धग राहते. अशी पिशवी लगेच गोधडीत खुपसली तर पेट घेऊ शकते. म्हणून मायक्रोवेव्हमधून काढल्यावर पाच मिनिटं ओट्यावर उघडी ठेवायची, आणि पुन्हा तापवायच्या आधी पुरती गार होऊ द्यायची. आतली काचेची थाळी फिरतेय ना, तेही बघा. मोठी पिशवी भिंतीला अडून थाळी थांबते आणि एकाच जागी जळतं. मी तांदूळ वर्षाला बदलते. किडीसाठी पिशवी तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, पोरकिडे होत नाहीत.

जवसचटणी, बाबांची टाच आता भरली आहे. तिथली कातडी अजून गुलाबी आणि पातळ आहे. रोज रात्री मी दोन्ही तळपाय उजेडात बघते, बोटांच्या बेचक्यांसकट.

कोकणवारा | १४ डिसेंबर, दुपारी १२.३०

चिंचोक्यांचा निकाल. पाच दिवस उन्हात वाळवले, मग पिशवीत भरून ४० सेकंद तापवले. ऊब छान येते, पण तांदळापेक्षा लवकर निवते आणि चिंचोके टणक असल्यामुळे गुडघ्याला टोचतात. तळपायाला मात्र फार आवडलं. आई खुर्चीवर बसून पिशवीवर पाय घोळवते. तिला मधुमेह नाही, तपासून घेतलंय. माझ्या टाचदुखीला फिजिओंनी वेगळं सांगितलंय. छोट्या बाटलीत पाणी गोठवायचं आणि मोजा घालून तळपायाखाली पाच मिनिटं फिरवायची. तेही चालू आहे.

सुईदोरा ताई, जावेला पिशवी देताना सूचना कशा देता? मी चिठ्ठी लिहून दिली तर ती हरवते आणि कापडावर मार्करने लिहिलेलं दोन धुण्यांत जातं.

सुईदोरा | १४ डिसेंबर, रात्री ९.०५

मी मार्कर वापरत नाही. खोळीच्या कोपऱ्यावर लाल सुती दोऱ्याने साखळी टाका घालते. दोनच शब्द, "आधी मनगटाला". दुहेरी दोरा घेतला तर अक्षर ठसठशीत येतं आणि अंधारात बोटालाही लागतं. एका खोळीला पाऊण तास जातो. आठवी पिशवी आज पुरी केली, ती शेजारच्या आजींना. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या खोळीवर मी हाताचं चित्र भरलंय.